राष्ट्रगीताला उभा राहतो, पण गात नाही: अशा मुलाचं शाळेने काय करायचं?

इरावती_स

परिपाठाला राष्ट्रगीत सुरू झालं की आमच्या नववीतला एक मुलगा दक्ष स्थितीत उभा असतो. टाचा जुळलेल्या, मुठी शिवणीला, नजर समोर. ओठ मात्र मिटलेले. प्रतिज्ञेला सगळ्यांचे हात पुढे होतात, याचा हात खालीच राहतो. घरचे यहोवाचे साक्षीदार, म्हणजे एका ख्रिस्ती पंथाचे आहेत. देवाची प्रार्थना सोडून कुठल्याही विधीत भाग घ्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा. आजवर हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. यंदा झेंडावंदनाच्या तालमीत कुणीतरी मोबाईलवर चित्रीकरण केलं, ते पालकांच्या ग्रुपवर फिरलं, आणि शिक्षककक्षात दुसरा विषयच उरला नाही. "दाखला हातात द्या", "पालकांकडून लेखी घ्या", "रोज पुढे उभं करून म्हणायला लावा, आपोआप सुटेल जीभ". शाळेचं नाव आणि गाव लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नका.

या सगळ्या चर्चेत एकाही शिक्षकाने किडंगूरच्या खटल्याचं नाव घेतलं नाही, म्हणून हा धागा. माझ्या मते प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर या निकालाची प्रत हवी.

केरळमध्ये कोट्टयम जिल्ह्यात किडंगूर आहे. तिथल्या हायस्कुलात बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही याच पंथाची तीन भावंडं अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीत होती. रोज राष्ट्रगीताला उभी राहायची, गायची नाहीत. त्यांच्या मोठ्या बहिणीही त्याच शाळेत तशाच वागून शिकून गेल्या होत्या, कुणाची तक्रार नव्हती. जुलै १९८५ मध्ये एका आमदाराने हे पाहिलं, विधानसभेत प्रश्न विचारला, चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने अहवाल दिला की मुलं कायदा पाळणारी आहेत आणि त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरीही शाळा उपनिरीक्षकांच्या सूचनेवरून २६ जुलैला मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढलं. वडिलांनी विनंती केली की सरकारचा आदेश येईपर्यंत तरी बसू द्या. बाईंनी आपण हतबल आहोत असं कळवलं.

केरळ उच्च न्यायालयात एकलपीठाकडे हरले, खंडपीठाकडे हरले. तिथल्या न्यायमूर्तींनी राष्ट्रगीताचा शब्द न् शब्द तपासला आणि यात कुणाच्या धर्मश्रद्धेला धक्का लागेल असं काहीच नाही, असं ठरवलं. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं. न्या. चिन्नप्पा रेड्डी आणि न्या. दत्त यांचं म्हणणं असं की प्रश्न गीतात काय आहे हा नाहीच. मुलांची श्रद्धा प्रामाणिक आहे का, एवढंच पाहायचं. राष्ट्रगीत गायलाच हवं असा कायदा या देशात नाही. जो आदराने उभा राहतो तो राष्ट्रगीताचा मान राखतोच. केरळ सरकारने ज्या परिपत्रकांचा आधार घेतला होता त्यांना कायद्याचं बळ नव्हतं, आणि खात्याच्या परिपत्रकाने कुणाचा मूलभूत हक्क काढून घेता येत नाही. मुलांना परत घ्या, त्यांचं शिक्षण अडवू नका, असा आदेश झाला.

निकालाचा शेवट मी शिक्षककक्षात वाचून दाखवला: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान सहिष्णुतेचा उपदेश करतं, आपली राज्यघटना सहिष्णुता आचरणात आणते, ती आपण पातळ करू नये.

मला राष्ट्रगीत आवडतं. मी गाते, मुलांना चालीत शिकवते, 'उच्छल जलधितरंग' नीट म्हणून घेते. पण चौदा वर्षांच्या मुलाला वर्गमित्रांसमोर उभं करून त्याच्या श्रद्धेविरुद्ध त्याच्या तोंडून शब्द काढायचे, याला मी शिक्षण म्हणणार नाही. तुमचे अनुभव लिहा. कायदा जाणणाऱ्यांनी तर जरूर लिहा.

---

सुभेदार_निवृत्त

ताई, तुमचा हेतू चांगला आहे हे मानून लिहितो. मी पलटणीत आयुष्य काढलं. राष्ट्रगीत हा कुठल्या धर्माचा विधी नाही. आमच्या तुकडीत शीख होते, नागा ख्रिश्चन होते, मुसलमान होते, सगळे एका सुरात गायचे. त्या बावन्न सेकंदांत आपण सगळे एक आहोत हे अंगात भिनतं. एका मुलाला सूट दिली की उद्या दहा जण मागतील, परवा कुणी प्रजासत्ताक दिनालाही यायचं नाही म्हणेल. शिस्त अपवादाने सैल होते. शाळेत ही सवय लागली नाही तर कुठे लागणार?

---

इरावती_स

सुभेदारसाहेब, तुकडीतले सगळे प्रौढ होते आणि स्वतःहून भरती झाले होते. हा मुलगा अल्पवयीन आहे आणि शाळेत येण्यावाचून त्याला पर्याय नाही. यायला लावायचं आपणच, आणि आल्यावर श्रद्धा दाराबाहेर ठेवायला सांगायचंही आपणच? दहा जण सूट मागतील म्हणता, पण किडंगूरच्या शाळेत मोठ्या बहिणींपासून हे चालू होतं आणि बाकीची शाळा गातच होती.

---

ॲड_वाळवेकर

धागा चांगला आहे. कायद्याची बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण यात अर्धवट माहिती फार फिरते.

१) राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा १९७१ चा आहे. त्याचं कलम ३ राष्ट्रगीताबद्दल. गुन्हा कशाचा? कुणाला गाण्यापासून जाणूनबुजून रोखणं, किंवा गाणाऱ्या समुदायात अडथळा आणणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गप्प उभं राहणं यात कुठेच बसत नाही.

२) मूलभूत कर्तव्यांतलं ५१क (क) नेहमी पुढे केलं जातं. राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीताचा आदर करणं हे कर्तव्य आहेच. सर्वोच्च न्यायालयाने किडंगूरच्या खटल्यात हेच कलम समोर ठेवून सांगितलं की न गाणं म्हणजे अनादर होत नाही. केंद्रीय गृहखात्याच्या सूचनांमध्येही शाळांनी दिवसाची सुरुवात सामूहिक राष्ट्रगीताने करावी असं सुचवलेलं आहे, प्रत्येक मुलाने तोंड उघडलंच पाहिजे असं नाही.

३) नववीच्या मुलाला लागू नाही, पण खालच्या वर्गांसाठी सांगून ठेवतो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १६: प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. कारण काहीही असो. कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी, आणि तसं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई. "रोज पुढे उभं करून म्हणायला लावा" ही सूचना ज्यांनी केली त्यांनी हे कलम जरूर वाचावं. आज किडंगूर घडलं असतं तर पाचवीतल्या बिंदूला काढण्याचा विचारही शाळेला करता आला नसता.

एक मर्यादाही सांगतो. त्या निकालाचे दोन पाय आहेत, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य [१९(१)(क)] आणि सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य [२५(१)]. पण मुलांची श्रद्धा खरी आणि जुनी होती हे न्यायालयाने मुद्दाम नोंदवलं. केवळ राजकीय नाराजीतून न गाणाऱ्याला याच निकालाची ढाल तितकीच भक्कम मिळेल, असं मी अशिलाला छातीठोकपणे सांगणार नाही. युक्तिवाद करता येईल, कारण अभिव्यक्तीच्या हक्कात न बोलण्याचा हक्क येतो आणि त्याला धर्माची अट नाही.

---

मंदार_७७

वकीलसाहेब, आणि मुलगा उभाच राहिला नाही तर?

---

ॲड_वाळवेकर

तर हा निकाल त्याच्या मदतीला सरळ येणार नाही. त्या भावंडांच्या बाजूचा सगळा भार ती आदराने उभी राहत होती यावर आहे. चित्रपटगृहांचा गोंधळ आठवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटाआधी राष्ट्रगीत सक्तीचं केलं, जानेवारी २०१८ मध्ये ते ऐच्छिक केलं. वाजवणं ऐच्छिक झालं, पण वाजलं तर उभं राहण्याची अपेक्षा कायम ठेवली. आजार किंवा अपंगत्व असेल तर अर्थातच वेगळं.

---

प्लेनोची_पल्लवी

टेक्सासमधून लिहितेय. इथे रोज सकाळी अमेरिकेच्या झेंड्याची प्रतिज्ञा, मग टेक्सासच्या झेंड्याची वेगळी प्रतिज्ञा, मग एक मिनिट शांतता. आमची लेक दुसरीत गेली तेव्हा एके दिवशी जेवताना म्हणाली, "आई, आपण इंडियाचे आहोत ना, मग मी रोज यांच्या फ्लॅगला प्रॉमिस का करते?" आम्ही व्हिसावर, तिचा पासपोर्ट भारताचा. इथल्या कितीतरी मराठी घरांत हा प्रश्न मुलं विचारतात आणि "सगळे म्हणतात म्हणून म्हण" एवढं सांगून आपण पुढचा घास भरवतो.

मी चौकशी केली. टेक्सासच्या कायद्यात पालकांनी लेखी विनंती केली की मुलाला प्रतिज्ञेतून सूट मिळते. मी दोन ओळींची चिठ्ठी दिली. वर्गशिक्षिकेने ती फाईलला लावली आणि लेकीला सांगितलं की शांत राहा, इतरांना म्हणू दे. संपलं. कुणी तिला वेगळं पाडलं नाही.

या चिठ्ठीमागे मोठी लढाई आहे हे नंतर वाचलं, आणि तीही यहोवाच्या साक्षीदारांचीच. १९३५ मध्ये पेनसिल्वेनियातल्या मायनर्सव्हिल या खाणगावात बारा वर्षांची लिलियन आणि दहा वर्षांचा विल्यम या भावंडांनी झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला आणि शाळेतून काढले गेले. १९४० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळेची बाजू घेतली. राष्ट्रीय ऐक्य सगळ्यात वर, असं कारण. त्यानंतर गावोगावी या पंथाच्या लोकांवर हल्ले झाले, त्यांची प्रार्थनाघरं जाळली गेली. न्यायालयच म्हणतंय तर हे देशद्रोहीच, असा अर्थ लोकांनी घेतला.

तीनच वर्षांत, १४ जून १९४३ रोजी, वेस्ट व्हर्जिनियाच्या बार्नेट खटल्यात त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी स्वतःचाच निकाल उलटवला. महायुद्ध ऐन भरात होतं, म्हणजे देशभक्तीची सर्वांत जास्त गरज असल्याच्या काळात! न्या. जॅक्सन यांनी लिहिलं की मतांची सक्तीने केलेली एकजूट शेवटी स्मशानातल्या एकमतापर्यंतच पोचते. सुभेदारकाकांनी हा निकाल वाचावा अशी मनापासून विनंती. लढाईच्या काळातल्या माणसांनी लिहिलेला आहे.

---

ॲड_वाळवेकर

पल्लवीताई, छान आठवण केलीत. किडंगूरच्या निकालात बार्नेटचा हवाला आहे. आणि मंदार, तुमच्या प्रश्नाला जोडून: अमेरिकेत बसून राहण्याचा हक्कसुद्धा तिथल्या अपील न्यायालयांनी १९७० च्या दशकात मान्य केला. आपल्याकडे तेवढी मजल गेलेली नाही. फिलिपिन्सची गंमत नव्हे, शिकवण बघा: १९५९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलांना काढणं वैध ठरवलं होतं, १९९३ मध्ये सेबूच्या मुलांच्या खटल्यात ते मोडीत काढलं.

---

माजी_मुख्याध्यापिका

जिल्हा परिषदेच्या शाळांतून निवृत्त झाले. परिपाठ हा माझ्या आवडीचा तास. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, आणि आता राज्यगीतही. २०२० मध्ये उद्देशिका वाचनाचा आदेश आला, २०२३ मध्ये राज्यगीताचा. यादी वाढत जाते, ऊन वाढत जातं, पोरं उभी. कुणी चक्कर येऊन बसलं तर पाणी द्यायचं की शेरा मारायचा, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

माझ्याकडे पाचवीत एक मुलगी होती, ती प्रतिज्ञा म्हणत नसे. वर्गशिक्षक तक्रार घेऊन आले. मी तिला ऑफिसात बोलावून एकटीला विचारलं. ती म्हणाली, "बाई, 'माझ्या पालकांचा मान ठेवीन' म्हणायचं असतं. बाप रात्री आईला मारतो. मी खोटं नाही बोलणार." तिच्या नकारात ना धर्म होता ना राजकारण. त्या दिवशी मी पोलीसपाटलांना आणि अंगणवाडीताईंना घेऊन तिच्या घरी गेले. सगळ्यांसमोर दरडावून म्हणायला लावली असती तर ती म्हणालीही असती, आणि मला काही कळलं नसतं.

म्हणून शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. मूल म्हणत नाही असं दिसलं तर आधी बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत नाही. आणि मुलाने कारण सांगितलं नाही तरी त्याचा अभ्यासक्रमातला, खेळातला, सहलीतला हक्क कमी होत नाही.

---

भीमाकाठ

आपल्याच राज्यातलं उदाहरण राहून गेलं. नाशिकच्या एका शाळेतले बौद्ध शिक्षक प्रार्थनेच्या वेळी उभे राहत, पण हात जोडत नसत. शाळेने याला बेशिस्त म्हणून त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली. ते उच्च न्यायालयात गेले आणि २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रार्थनेला हात जोडण्याची सक्ती करता येणार नाही. त्यांचा लाभ द्यायला सांगितला.

ते शिक्षक होते, लढू शकले. आमच्या पोरांचं काय? राष्ट्रगीत आणि प्रार्थना यांत फरक करा, ही माझी विनंती आहे. राष्ट्रगीत आम्ही छाती भरून गातो. संविधानाच्या उद्देशिकेला तर आमची पोरं सगळ्यांत मोठ्या आवाजात असतात. पण अनुदानित शाळेत देवीची वंदना, हात जोडा, डोळे मिटा, याला घटनेचं कलम २८(३) आहे. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक उपासनेला हजर राहण्याची सक्ती करता येत नाही, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. मला आजवर एकाही शाळेने हे संमतीपत्र विचारलेलं नाही. परिपाठात सगळं एका दमात होतं, त्यामुळे देशाचं काय आणि देवाचं काय हे मुलांनाच काय, शिक्षकांनाही वेगळं करता येत नाही. प्रार्थनेला गप्प राहिलेल्या मुलाला "देशाचा मान ठेवत नाही" म्हणून ऐकवलं जातं, ते इथूनच.

---

इरावती_स

भीमाकाठ, हा मुद्दा माझ्या मनात इतका स्पष्ट नव्हता. आमच्याकडेही प्रार्थना आणि राष्ट्रगीत यांच्यामध्ये 'विश्राम'सुद्धा होत नाही.

---

तोक्योकर

जपानबद्दल थोडंसं. इथे शिक्षकांवर सक्ती आहे. १९९९ मध्ये ध्वज आणि राष्ट्रगीताचा कायदा झाला. त्याआधी काही महिने हिरोशिमा भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी पदवीदान समारंभातल्या राष्ट्रगीतावरून शिक्षक आणि शिक्षण मंडळ यांच्या कात्रीत सापडून आत्महत्या केली होती. २००३ पासून तोक्योत उभं राहून गाण्याचा लेखी हुकूम आहे, न उभं राहणाऱ्या शेकडो शिक्षकांवर कारवाई झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हुकूम वैध ठरवला, २०१२ मध्ये मात्र ताकीद देण्यापलीकडे जाताना जपून, असं बजावलं. माझी मुलं इथल्या शाळेत जातात. समारंभात सगळे उभे असतात आणि बरेचसे ओठ पुटपुटतात. हुकुमाने आवाज वाढलेला मला तरी दिसला नाही.

---

सुभेदार_निवृत्त

सगळं वाचलं. अमेरिकेचा निकाल नातवाकडून वाचून घेतला. माझं मत बदललेलं नाही. त्या मुलाने गावं असंच मला वाटतं आणि तो माझ्यासमोर आला तर मी त्याला आमच्या तुकडीच्या गोष्टी सांगेन. पण ताई, त्याचं शिक्षण तोडू नका. दाखला देणं ही शिस्त नाही, आणि तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर फिरवला हे तर सरळ चुकीचं आहे. लहान पोराची अशी बदनामी करायची नसते. तो व्हिडिओ काढायला लावा.

---

अकरावी_विज्ञान

मी नियमित वाचक आहे, प्रतिसाद पहिल्यांदाच देते. आमच्या कॉलेजात राष्ट्रगीत फक्त दोन दिवस असतं. शाळेत रोज होतं. मला विचाराल तर रोज म्हणताना अर्थाकडे लक्ष नसायचं, पण सातवीत बाईंनी पंजाब, सिंध, गुजरात, मराठा असा नकाशावर हात ठेवत अर्थ सांगितला तेव्हापासून मी ते मनापासून म्हणते. सक्ती केली असती तर तसंच म्हटलं असतं जसं पाढे म्हणतो. त्या मुलाच्या वर्गातल्या मुलांशी कुणी बोललं का? त्याला मधल्या सुट्टीत काय ऐकावं लागत असेल हे मोठ्यांना दिसत नाही.

---

इरावती_स

हे खरंच राहून गेलं होतं, तुझ्यामुळे केलं. आज त्याच्या वर्गावर माझा तास होता. धडा बाजूला ठेवला आणि नाव न घेता किडंगूरची गोष्ट सांगितली. एका मुलीने विचारलं, "मग ती मुलं परत शाळेत आली तेव्हा बाकीच्यांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं का?" दुसरा म्हणाला, "आपण नाही टाकणार." तो मुलगा खाली बघत होता. मधल्या सुट्टीत त्याच्या बाकावर दोघं डबा घेऊन बसलेले मी पाहिले.

व्हिडिओ ग्रुपवरून काढायला लावला आहे. शुक्रवारी शाळा व्यवस्थापनाची सभा आहे. मुख्याध्यापक म्हणतात की पालकांचं काहीतरी लेखी असलं तर मला बाजू घेणं सोपं जाईल. वकीलसाहेब, मजकूर सुचवाल का? वडील रंगकाम करतात, फार लांबलचक नको.

---

ॲड_वाळवेकर

जरूर. माफीचा सूर नको आणि आव्हानाचाही नको. असं लिहा:

"मा. मुख्याध्यापक, सविनय कळवतो की माझा मुलगा / मुलगी ______, इयत्ता ______, राष्ट्रगीताच्या वेळी नेहमी आदराने उभा राहतो / राहते व पुढेही राहील. आमच्या प्रामाणिक धार्मिक श्रद्धेमुळे तो / ती राष्ट्रगीत व प्रतिज्ञा उच्चारत नाही. इतरांना कोणताही अडथळा करत नाही. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट १९८६ रोजी दिलेल्या निकालानुसार त्याला / तिला सक्ती करू नये व या कारणावरून शिक्षा अथवा भेदभाव होऊ नये, ही विनंती. निकालाची प्रत सोबत जोडली आहे."

खाली आई आणि वडील दोघांच्याही सह्या घ्या. सभेत कुणी "दाखला द्या" असा ठराव मांडला तर इतिवृत्तात मांडणाऱ्याचं नाव आणि मुख्याध्यापकांचा विरोध दोन्ही नोंदवायला सांगा, पुढे शिक्षणाधिकाऱ्यांकडे किंवा राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो. अर्जाच्या दोन प्रती करा, एक शाळेत द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. सभेआधीच, गुरुवारी.